वैनीचं तोरिंजन

विजयावैनी गेली ती भर दुपारी. मी कट्टा गावच्या स्टॉपवर कुडाळच्या एसटीची वाट बघत होतो, तिलाच भेटायला निघालो होतो. पुतणीचा, शिल्पाचा फोन आला. "काका, आता घाई करू नकात," एवढंच म्हणाली. मला कळायचं ते कळलं. एसटी आली, मी चढलो, आणि कुडाळचं तिकीट काढलं.

वैनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, शिल्पा लग्न होऊन कुडाळला गेली, आणि गावच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी बिनलग्नाचा मास्तर, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. टोपावरचं झाकण उचलून बघितलं की वैनी म्हणायची, "इलो इन्स्पेक्टर!" मी चिडायचो. ती मुद्दाम पुन्हा म्हणायची.

तिचा खोकला पावसाळा संपला तरी जाईना, तेव्हा तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. जन्मात विडी न ओढलेली बाई! पण गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, त्याचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पुन्हा आत बोलावलं. म्हणाल्या, या पेशींत वाढीचं एक बटण चालूच राहून गेलंय, आणि नेमकं तेच बटण दाबून धरणारी गोळी आहे. सलाइन नको, केस जाणार नाहीत, रोज एक गोळी घरीच घ्यायची. ही गोळी सगळ्यांना चालत नाही, ज्यांच्या गाठीत तो बदल सापडतो त्यांनाच. रोग मुळासकट जाणार नाही, पण आवरून धरता येईल. वैनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विहिरीवरच्या पंपाचो स्विच अडाकता, तसा मां?" बाई हसल्या. तसंच, म्हणाल्या.

आणि खरंच, दोन महिन्यांत खोकला थांबला. वैनी पुन्हा काजूच्या बिया गोळा करायला बागेत जाऊ लागली. मला वाटलं, जिंकलो.

गोळीच्या डबीत एक कागद असायचा, बारीक इंग्रजी अक्षरांचा. तो वाचायचा मान अर्थात माझा. त्यात लिहिलेलं, ग्रेपफ्रूट खाऊ नये. ग्रेप म्हणजे द्राक्ष, हे मी पाचवीच्या पोरांना शिकवत आलो. मी घरात द्राक्षबंदी जाहीर केली. शिल्पाने आणलेली द्राक्षं शेजाऱ्यांकडे गेली, शिऱ्यातले बेदाणेसुद्धा मी वेचून काढायला लावले. वैनीच्या तोंडाला तेव्हा चव नसायची. आमच्या परसात तोरिंजनाचं झाड आहे, चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या लाकडी माटवीला बांधतो ते मोठं फळ, शहरात ज्याला पपनस म्हणतात. ते तिला आवडायचं. रोज संध्याकाळी मी एक तोरिंजन सोलायचो, पाकळ्यांचं साल काढून, वर मीठ भुरभुरवून बशी तिच्यापुढे ठेवायचो. भावजींनी उभ्या जन्मात पहिल्यांदा काहीतरी कामाचं केलं, असं म्हणत ती खायची.

थोड्या आठवड्यांत तिचं अंग पुरळाने भरलं. जुलाब थांबेनात, नखांच्या कडा सुजल्या. गोळीचे असे त्रास होतात हे सांगितलेलं होतं, पण हे फारच झालं. शिल्पा तिला गोव्याला घेऊन गेली. गोळी तीन आठवडे बंद ठेवली, मग कमी ताकदीची दिली. मी विचारलं तर दोघी म्हणाल्या, उष्णता झाली. मी तोरिंजन थंड म्हणून आणखी देऊ लागलो. त्यानंतर वैनी बशी घ्यायची आणि म्हणायची, "ठेवा थंयसर, मगे खातंय." सकाळी बशी रिकामी असायची.

पुढे वर्षभराने गाठीने दुसरी वाट शोधली. बाई म्हणाल्या, हे आज ना उद्या होतंच, रोग आपलं रूप बदलतो आणि गोळी लागू पडेनाशी होते. पुन्हा तुकडा तपासला. या वेळी त्याला जुळणारी गोळी निघाली नाही. शिल्पा तिला कुडाळला घेऊन गेली, आणि तिथून ती परत आली नाही.

तेराव्यानंतर कागद आवरताना तिची फाईल हाती लागली. त्या पुरळाच्या वेळच्या पानावर डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं होतं... पपनस ताबडतोब बंद. द्राक्ष चालेल. मी उठून जाडा शब्दकोश काढला, जन्मभर दुसऱ्यांना उघडायला सांगितलेला. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते तोरिंजनाचं भावंड. त्याने गोळी अंगात साचते, असं फाईलीतच पुढे होतं.

शिल्पाला फोन लावला. ते पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या पुरळानंतर आई पाकळ्या पदरात घेऊन गोठ्यात गायीला घालायची, रोज. बाईंना मी विचारलंय काका, त्या तीन आठवड्यांनी फरक पडला असं म्हणता येत नाही म्हणाल्या. पडला नाही असं म्हणाल्या का, मी विचारलं.

"आईन माका शपथ घातलेली," ती म्हणाली. "भावजींका सांगा नको, तेंका वाटात आपल्यामुळाच वैनी गेली."

वाटता गो वैनी. तसाच वाटता.