ताहेराची बिल्टी

"ताहेरा, तुझी लेक नाजिया काल तुझी एक फाईल देऊन गेली. वर तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'उषाचा माल'. माल काय गं? कादंबरी होती ती. मेल्यावरही तुझी दुकानदारी सुटली न्हाई."

एवढं लिहून उषाबाईंनी पेन खाली ठेवलं. पत्र पोचणार कुठं, असले प्रश्न त्या स्वतःला विचारत नसत. वेळ जातो.

दोघी अंबडच्या शाळेत एका बाकावरच्या. उषाबाई एम.ए. करून कॉलेजात मराठी शिकवू लागल्या. ताहेरा दहावीनंतर महेमूदभाईंशी लग्न होऊन जुन्या जालन्यातल्या कापडदुकानात आली. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी दोन्ही, आणि गोष्टी मात्र मराठीत. कापडाच्या ठाणांना गुंडाळून येणाऱ्या खाकी कागदावर ती लिही. गिऱ्हाईक आलं की पेन्सिल कानावर, गेलं की पुढचं वाक्य.

गोष्ट पाठवायची तिची रीत बघून उषाबाईंना हसू येई. आधी संपादकाला कार्ड: किती पानं चालतील, कधीपर्यंत हवी? दिवाळी अंकाची गोष्ट मे महिन्यातच तयार. नक्कल घरात, रजिस्टरची पावती बिस्किटाच्या डब्यात. त्या पावतीला ती बिल्टी म्हणे. ट्रकने येणाऱ्या गठ्ठ्यांची असते तशी. पंधराव्या दिवशी दुसरं कार्ड: पोचली का? एका प्रकाशकाने करारात 'सर्व हक्क कायमचे' असं घातलं, तेव्हा तिने ती ओळ खोडून कागद परत धाडला. म्हणाली, "कापड विकलं मी. हातमाग न्हाई विकला." त्याने मुकाट्याने सही केली. साहित्य गजाने मोजतेस, असं उषाबाई तिला टोचत. तिची सहा पुस्तकं निघाली.

उषाबाईंनी एकच लिहिलं, अकरा वर्षं खपून. नक्कल न करता, तिथल्या प्रकाशकाकडे पोचवायला म्हणून औरंगाबादला निघालेल्या अंगदच्या हाती दिलं. अंगद कॉलेजातला सहकारी, लांबचा भाऊही. तो म्हणाला, टेबलावर ठेवून आलो. प्रकाशक म्हणाला, आलंच नाही.

ताहेराने ऐकून घेतलं, कात्री बाजूला ठेवली.

"बिल्टी?"

"अगं, अंगद घरचा माणूस. त्याच्याकडं पावती मागू?"

"घरच्याकडंच मागावी. परक्याकडं तर तू मागितलीच असती."

मग तिने समजावलं. माल हरवला की कारकुनाला पत्रं लिहीत बसायचं नसतं. आपण स्वतः गोदामात जाऊन फळी न् फळी बघायची. चल, दोघी जाऊ. उषाबाईंना लाज वाटली. एम.ए. झालेल्या बाईने दुसऱ्याची कपाटं उचकायची? आधी परीक्षा आडव्या आल्या, मग पेपर तपासणी, मग ताहेराचा गुडघा. ती दर खेपेला विचारी, या दर खेपेला चिडत. चार वर्षांनी तो प्रकाशक धंदा गुंडाळून गेला. गेल्या थंडीत ताहेराही गेली.

उषाबाईंनी फाईल उघडली. अंगदला खोदून खोदून विचारून काढलेली तारीख. त्या दिवशी टेबलामागे बसलेल्या माणसाचं नाव. खाकी कागदावर प्रकाशकाच्या ऑफिसचा नकाशा, त्यात तीन कपाटं, खिडकीजवळच्यावर फुली. आणि खाली पेन्सिलीने:

सोमवार, आठची बस. डबा मी आणीन. उषाला विचारणे.