वादकांकडे पाठ

आमच्या शहराच्या वाद्यवृंदाला इतकी वर्षं टाळ्या वाजवताना तुम्ही नेमकं काय ऐकत होता?

हा प्रश्न विचारायचं कारण असं, की वाद्यवृंदाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यासाठी इतिहास लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मी सभांची पत्रकं लिहितो, म्हणजे भाषा जोरदार असेल, असा मंडळाचा हिशेब. बेचाळीस साली आमच्या घरात चोरून येणाऱ्या पत्रकांवरच मी अक्षरं जुळवायला शिकलो. त्या पत्रकांत एक गोष्ट पक्की असायची. जे झालं ते लिहायचं. मंडळाला ते नको होतं. त्यामुळे स्मरणिकेत माझं लिखाण नाही, आणि जे लिहिलं ते इथे आहे.

वाद्यवृंदाचा जन्म नागपूरच्या एका थिएटरात झाला. कचेरीतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क आणि कापसाचे एक व्यापारी, ज्यांना सगळे शेठजी म्हणत, असे दोघे काही कामाने नागपूरला गेले आणि संध्याकाळी सिनेमाला बसले. सिनेमाआधीच्या वार्तापटात कुठल्याशा परदेशातला मोठा वाद्यवृंद दाखवला. काळ्या कोटातली शंभरेक माणसं, आणि पुढे एक गृहस्थ काडी हलवतो आहे. हेडक्लार्ककाकांना त्या काडीने वेड लावलं. जन्मभर साहेबाच्या खोलीबाहेर उभं राहिलेल्या माणसाला, नुसती काडी हलवली की शंभर माणसं कामाला लागतात, हे दृश्य स्वर्गासारखं वाटलं असणार. परतीच्या गाडीत ठरलं. शेठजी अध्यक्ष, काका संचालक. वाजवणार कोण, हा प्रश्न पुढच्या आठवड्यावर गेला.

वाजवणारे मिळाले. कचेरीतले तीन कारकून व्हायोलिनवाले, एक मास्तर बासरीवाला, एक वकील सतारवाला, पेटीवर पोस्टातले एक बाबू, आणि तबल्यावर शेठजींचा भाचा. या भाच्याला लय म्हणजे शर्यत वाटायची. कुठलाही तुकडा तो सगळ्यांच्या आधी संपवायचा आणि विजयी चेहऱ्याने इतरांची वाट बघायचा. बसायची जागा काकांनी नोकरीतल्या ज्येष्ठतेवर ठरवली. ज्याचा हात सगळ्यात गोड, तो व्हायोलिनवाला हंगामी कारकून होता म्हणून मागच्या रांगेत, खांबाच्या आड. तालीम शेठजींच्या जिनिंग कारखान्यातल्या सरकीच्या गोदामात. बासरीवाले मास्तर दर तुकड्याआधी बासरीतून कापूस फुंकून काढायचे.

आता ती गोष्ट, जी आमच्याच गावात होऊ शकते. पहिल्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत कलेक्टर, शेठजी, नगरपालिकेची मंडळी. काकांच्या लक्षात आलं, की वार्तापटातल्या गृहस्थाप्रमाणे उभं राहायचं तर या सगळ्यांकडे पाठ होते. त्यांनी तोड काढली. ते श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि पाठ वादकांकडे केली. काडी छातीशी हलत होती. ती कलेक्टरांना दिसत होती, मागे उभ्या पानवाल्याला दिसत होती. ज्यांच्यासाठी ती हलत होती, त्यांना काकांचा नवा कोट तेवढा दिसत होता. कोणी हसलं नाही. उलट संचालक विनयशील आहेत, असं लोक बोलले. तेव्हापासून तीच रीत.

मग वाद्यवृंद चालला कसा? माझ्या आत्यामुळे चालला.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, मुलींच्या शाळेत शिकवते. तिने लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे कोणाला सांगत बसली नाही. ती जलतरंग वाजवते. चिनी मातीचे पेले, त्यांत कमीजास्त पाणी, आणि दोन बारीक काड्या. पेल्यांचा आवाज स्वच्छ, आणि वाजवताना मान हलवायची तिची सवय इतकी ठाम, की शाळेतल्या प्रार्थनेला पाचशे पोरी त्या मानेवर गातात. तिला वाद्यवृंदात घेतलं, पण स्टेजवर नाही. पडद्याच्या डाव्या बाजूला, आत. कारण सांगितलं, की पाणी सांडून शेठजींचं जाजम खराब होईल. दुसरं कारण, जलतरंग लांबून गोड लागतो. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि ते कोणी उच्चारत नव्हतं. पुरुषांच्या रांगेत बाई बसवायची नव्हती.

वादकांना संचालकाची पाठ दिसायची आणि आत्याची मान. साहजिकच सगळे डावीकडे मान वळवून वाजवायचे. आमच्या वाद्यवृंदाचा कुठलाही फोटो बघा. काका समोर बघताहेत, आणि त्यांच्यामागे झाडून सगळे वादक डावीकडे, जणू तिकडे साप निघाला आहे. गावात काहींना ती वाजवण्याची खास पद्धत वाटायची.

स्मरणिकेत जी कर्तबगारी छापून येणार आहे, ती अशी गाजवलेली आहे. कलेक्टरांचे निरोपसमारंभ. गणेशोत्सव. हिंगणघाटचा दौरा. गिरडच्या यात्रेतला कार्यक्रम, जिथे लोक टेकडीवरून उतरून आले ते भजी खात उभे राहिले आणि भजी संपल्यावर गेले. आर्वीला बसच्या टपावर सतार चढवली आणि वकीलसाहेब सगळी वाट खिडकीबाहेर डोकं काढून वर बघत राहिले. या सगळ्या ठिकाणी आत्या पेल्यांची पेटी मांडीवर घेऊन गेली, आत बसली, आणि हारतुरे होईपर्यंत तिने पेले पुसून पेटीत भरून ठेवले.

मग नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला मंत्री येणार असं कळलं. वाद्यवृंदाला पाऊण तास मिळाला. त्या आठवड्यात तालमीनंतर आत्या उभी राहिली. गोदामात सरकीच्या पोत्यावर मी बसलो होतो, तिला घरी न्यायला आलो होतो.

ती काकांना म्हणाली, "या खेपेला मले स्टेजवर बसायचं आहे. कोपऱ्यात चालन."

पेटीवाले बाबू नुसताच भाता दाबत-सोडत राहिले. मग शेठजींनी समजुतीने घेतलं. ते म्हणाले, जाजम नया है, मंत्रीजी के सामने बाई लोग, अच्छा नहीं लगता. आत्याने सांगितलं की जाजमावर ती घरचं मेणकापड टाकेल. त्यावर काका पुढे झाले. कचेरीत अर्ज नामंजूर करताना वापरायचा तो गोड आवाज त्यांनी काढला.

"बाई, तुम्ही या वाद्यवृंदाचा आत्मा आहात. आत्मा कधी दिसतो का?"

मागून भाचा खिदळला. आत्याने पेले एकात एक घातले, मधे जुन्या पातळाचे तुकडे घातले, पेटी बंद केली.

"मग या वेळेला आत्मा लोकांत बसन," ती म्हणाली. "तुम्ही शरीरानं वाजवा."

सगळ्यांना ती धमकी वाटली. मला नाही वाटली. वाटेत ती फक्त एवढंच बोलली, की ती आत नसली म्हणजे तरी त्यांना कळेल, आणि कळलं की बोलावतील. तिचं मागणं तेवढंच होतं. वाजवते तिथे बसलेलं दिसावं.

मी दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. म्हटलं, काका, आत्या नसेल तर निदान तुम्ही वादकांकडे तोंड करा. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना धोतर सोडायला सांगितलं होतं.

"मंत्र्यांकडे पाठ करू? अरे, अख्ख्या नोकरीत मी कोणा वरिष्ठाकडे पाठ केली नाई. खोलीतून निघतानाही मागं मागं चालत निघालो."

हे ते अभिमानाने सांगत होते.

उद्घाटनाला आत्या बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बसली. पांढरं खादीचं पातळ, हात मांडीवर. पडदा वर गेला. काका श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहिले, मंत्र्यांना लवून नमस्कार केला, काडी उचलली. आणि मागच्या सगळ्या माना सवयीने डावीकडे वळल्या. तिथे, आत्याच्या जागी, आग विझवायची लाल बादली होती. वाळू भरलेली. आमचा शहर वाद्यवृंद पहिली काही मिनिटं त्या बादलीकडे बघून वाजत होता.

पुढचं सांगायला फार नाही. भाचा सुटला. त्याच्यामागे पेटी धावली. व्हायोलिनं आपल्या ज्येष्ठतेप्रमाणे संथ चालली. सतार एका जागी बसून राहिली. खांबाआडच्या हंगामी कारकुनाने काही वेळ सगळ्यांना हाक मारल्यासारखं वाजवलं आणि गज खाली ठेवला. तुकडा एकदम संपला नाही, ज्याचा त्याचा संपत गेला. दर खेपेला मंत्र्यांना वाटलं आता झालं, म्हणून ते टाळ्या वाजवायचे, आणि ते वाजवतात म्हणून सभागृह वाजवायचं. काका हसतमुखाने काडी हलवत होते. त्यांना मागे काय चाललं आहे ते दिसत नव्हतं, आणि ऐकून काही कळावं असा कान त्यांना कधी नव्हताच.

मग मंत्री बोलले. प्रत्येक वाद्याला आपलं स्वातंत्र्य, कोणाचं कोणावर बंधन नाही, आपली नवी लोकशाही मला आज या स्टेजवर दिसली, असं ते म्हणाले. या गावात माणसं तुरुंगात गेली, त्यांनी लाठ्या खाल्ल्या, ते या भाषणासाठी का, असं मनात आलं. टाळ्या थांबेनात. शेठजींनी काकांच्या गळ्यात हार घातला. तो हार घालताना तरी काका वळले असतील असं समजू नका. शेठजी फिरून पुढे आले.

मला वाटलं होतं आत्या मनातून खूष असेल. सभागृहातून बाहेर पडल्यावर मी हसून काही बोलायला गेलो, तर तिचा चेहरा बघून थांबलो.

"मी नव्हते, हे कोणालेच समजलं नाई," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी कोणासाठी वाजवून राह्यली होती रे?"

याचं उत्तर तुमच्याकडे मागतो आहे, कारण त्या सभागृहात तुम्ही होतात.

नंतर मंडळ घरी आलं. आत्याने परत यावं, आत बसावं, यंदा पाट आणि पंखा देऊ, म्हणाले. आणि स्मरणिकेत तिचं नाव 'पडद्यामागील सहकार्य' या मथळ्याखाली, चहावाल्याच्या आणि जाजम वाहणाऱ्याच्या नावांबरोबर छापू. चहावाल्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचा चहा निदान वेळेवर यायचा. आत्याने त्यांना पोहे दिले आणि नाही म्हणून सांगितलं. मीही इतिहास बदलून द्यायला नाही म्हटलं.

आता ती दर रविवारी सकाळी मुलींच्या शाळेच्या व्हरांड्यात मुलींना घेऊन बसते. दोघी व्हायोलिन शिकताहेत, गुरू तोच खांबाआडचा हंगामी कारकून. एक पेटीवर, एक तबल्यावर, बाकीच्या टाळ, बासरी, जे घरात असेल ते. सगळ्या गोल बसतात, कोणाची पाठ कोणाकडे नाही. संक्रांतीनंतरच्या स्नेहसंमेलनात त्यांनी स्टेजवर वाजवायचं, आत्याने त्यांच्याबरोबर स्टेजवर बसायचं, असं मुख्याध्यापिकाबाईंनी कबूल केलं आहे. अट एकच. स्टेज रिकामं दिसू नये इतक्या मुली हव्यात.

आणि मुली कमी होताहेत. काका घरोघर जाऊन बापांना समजावतात, की लेकी चारचौघांत वाजवायला बसल्या तर पुढे लग्नाला अडचण येते. ते हे काळजीने सांगतात आणि बाप काळजीने ऐकतात. मागच्या रविवारी पेटीवाली आली नाही. त्याआधी व्हायोलिनवाली एक. आत्या म्हणते, यायच्या असतील तर येतील. पण ती तालीम उशिरा सुरू करते आणि फाटकाकडे बघत राहते.

तेव्हा स्मरणिका घ्या की नका घेऊ, ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्या घरात एखादी मुलगी दार लावून पेटी वाजवत असेल, ताटावर ठेका धरत असेल, नुसती गुणगुणत असेल, तर येत्या रविवारी सकाळी तिला मुलींच्या शाळेत घेऊन या. वाद्य नसलं तरी चालेल. काका तुमच्या दारात आले, तर त्यांना पाणी द्या, बसवा, त्यांचं बोलणं ऐकून घ्या, आणि मुलीला त्यांच्यासमोरून पाठवा.