व्हर्नाबाईंचा डावा खांदा

व्हर्नाबाईंच्या उजव्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग उमटला तो लाईलमुळे. बाई एकाहत्तर वर्षांच्या, त्या खांद्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि वायोमिंगच्या त्या पेंड-चाऱ्याच्या दुकानात बंदुकांचं काउंटर सांभाळणाऱ्या लाईलने कोकरांवर टपलेल्या कोयोटसाठी, म्हणजे तिकडच्या रानकोल्ह्यासाठी, त्यांच्या हाती दिली चव्वेचाळीस मॅग्नमची, जबर धक्क्याची रायफल. ताकद थोडी जास्तच बरी, असा त्याचा हिशेब. खांदा दुसऱ्याचा असला की असे हिशेब पटकन जमतात.

चौथ्या दिवशी बाई रायफल घेऊन परत.

“एक गोळी झाडली. कोयोट उभाच राहिला, मी पडले. दोन कोकरं गेली.”

दुकानातली गिऱ्हाइकं एकदम पेंडीच्या पोत्यांवरची अक्षरं वाचू लागली.

नवरा हॅरॉल्ड गेल्यापासून नऊ वर्षं बाई दीडशे मेंढ्या एकटीने राखत होत्या. अडलेल्या मेंढीचं कोकरू कोपरापर्यंत हात घालून ओढून काढायच्या, आणि तासाभरात चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड घेऊन हजर. डेन्व्हरचा मुलगा गॉर्डन दर रविवारी फोनवर म्हणायचा, कळप विक, इकडे ये. यंदा त्यांनी कबूल केलं होतं: कोकरं राखता आली नाहीत, तर मे महिन्यात विकीन.

“या वेळी मी आधी विचारतो,” लाईल म्हणाला.

“विचार की. मागल्या वेळी नुसतं सांगितलंस.”

“घरात दुसरं हत्यार?”

“हॅरॉल्डचं रिव्हॉल्व्हर. थ्री फिफ्टी-सेव्हन.”

लाईलने कपाळावर हात मारला. “व्हर्नाबाई, त्याच काडतुसाची लिव्हरवाली रायफल मिळते! दोन्हींना काडतुसांचा एकच खोका. सरावाला त्यातच बसणारी हलकी अडतीस स्पेशल घाला, धक्का नावालाच. फक्त फार लांबचा नेम होणार नाही.”

“कुंपण साठ पावलांवर आहे. आणि अडतीसची काडतुसं हॅरॉल्डने कपाटभर ठेवलीत. रिव्हॉल्व्हरवर आकडा एक, काडतुसांवर दुसरा; मला वाटायचं, माणसाला आकडे कळत नाहीत.”

त्याने तीन रायफली मांडल्या. बाईंनी खिशातून लोकरीचा जाड हातमोजा काढून चढवला. पहिलीच्या लिव्हरच्या, म्हणजे गोळी भरायला खाली ओढायच्या दांड्याच्या, कडीत तो शिरेचना. दुसरी आठ पैलूंच्या नळीची, लाईलची लाडकी.

“भिंतीला टांगायची असती तर हीच,” म्हणत बाईंनी ती वजनदार रायफल खाली ठेवली.

तिसरी आखूड, साधी, मोठ्या कडीची. ती त्यांनी डाव्या खांद्याला लावली. लाईल ‘उजवा’ म्हणणार होता, पण जीभ चावली. लिव्हर खाली, मधोमध. तिला कुठलाही हात चालतो. खटाक, खटाक. बाईंचा चेहरा जरासा सैल झाला.

“डाव्या खांद्याने नेमाला मांडलेल्या पाच डब्यांतले तीन पाडलेत, तर लोकर कापायच्या दिवशी मी तुमच्याकडे राबेन,” लाईल म्हणाला.

“जेवण माझं. कुरकुर तुझी तू आण.”

शनिवारी कुरणात त्यांनी चार पाडले. पाचव्याचं खापर वाऱ्यावर फोडलं. वारा नव्हता.

त्या आठवड्यात पहाटे कुंपणाशी एक कोयोट आडवा झाला, आणि मग मे उजाडेपर्यंत एकही कोकरू गेलं नाही. रविवारी गॉर्डनचा फोन आला.

“विकत नाही,” बाई म्हणाल्या. “उलट एक नवा मेंढा बघतेय.”

लोकर कापून झाली. त्या दिवशी नेमकी लाईलची कंबर धरली होती. बाईंनी निरोप पाठवलाय, पुढल्या वर्षीही मेंढ्यांना लोकर येणार आहे.