शनिवार त्याचा, रविवार माझा

आण्णा गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येकजण मला एकच वाक्य ऐकवतो. ‘शेवटच्या घडीला तुम्ही जवळ होता सर, नशीबवान आण्णा!’ मी मान हलवतो, चहा पुढं करतो. आणि माणूस दाराबाहेर पडला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नशीबवान कसला डोंबलाचा! मी जवळ होतो म्हणूनच तर घात झाला. सहा आठवडे ही गोष्ट मी पोटात ठेवून हिंडत होतो. गेल्या रविवारी एका माणसापाशी बोललो. आता तुमच्यापुढं बोलतो. मास्तरकी केलेला माणूस आहे, जन्मभर पोरांना ‘चूक कबूल कर’ म्हणून बाकावर उभं केलं, तेव्हा आता मी उभा राहतो.

भरत मगदूम हे आण्णाचं कागदावरचं नाव. जयसिंगपुरात शेतीपंप दुरुस्तीचं त्याचं दुकान होतं. कॉलेजच्या दिवसांत तो कोल्हापुरात आमच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहायला आला. माझ्या आईनं त्याच्यासाठी बिनकांद्या-लसणाची आमटी वेगळी करायला सुरुवात केली, तेव्हाच मी ओळखलं की हा आता भाडेकरू उरला नाही. जैन घरातला, दिवस मावळायच्या आत जेवणारा, आवाज कधी न चढवणारा. आणि मी पेठेतला! आमच्याकडं साधं ‘जेवलास काय?’ विचारलं तरी परक्या माणसाला भांडण लागल्यासारखं वाटतं. आमचं जमलं कसं, हे आमच्या दोघांच्या बायकांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

त्याला वेड चालण्याचं आणि मला फुटबॉलचं. त्यातून एक करार झाला. दरवर्षी थंडी सरता सरता एक शनिवार-रविवार दोघांनी काढायचा. शनिवार त्याचा, घाट उतरून कोकणात जायचं आणि समुद्राच्या कडेकडेनं तो नेईल तिथपर्यंत चालायचं. रविवार माझा, दुपारच्या आत कोल्हापूर गाठायचं आणि आमच्या पेठेच्या संघाची मॅच बघायची. ज्याचा दिवस त्याचं राज्य, दुसऱ्यानं कुरकुर करायची नाही. हा नियम मीच काढला आणि दर शनिवारी मीच मोडला. ‘आण्णा, पाय तुटले’, ‘आण्णा, ऊन बघ’, ‘आण्णा, ह्या दगडांत काय बघायचं रे?’ त्यानं मात्र एकाही रविवारी तोंडातून चकार शब्द काढला नाही. ऑफसाईड म्हणजे काय हे त्याला अखेरपर्यंत कळलं नव्हतं. तरी दोन दोन तास सिमेंटच्या पायरीवर माझ्या शेजारी बसायचा.

ह्या वर्षी देवगडच्या खालच्या अंगाला गेलो होतो. सकाळी पुळणीवरनं, किनाऱ्याच्या वाळूतनं निघालो. वाळू लागली की आण्णा बूट काढून नाड्या एकमेकींत बांधायचा आणि गळ्यात अडकवायचा. मोबाईलवर वाट बघणं त्याला पटायचं नाही, माणसाला विचारायची. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं आपल्या थाटात विचारलं, “पावणं, हिकडनं वाट हाय काय वर?” म्हाताऱ्यानं वर बघितलं. “पावणो मी काय तू?” आण्णा इतका हसला, इतका हसला, की खाली वाळूत बसला. मग म्हाताऱ्यानंच हात धरून उठवला आणि वाट दाखवली.

ती वाट म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, थेट वर सड्याच्या सपाट माथ्यावर जाणारी. तिथं आण्णा दोनदा थांबला. एवढ्या वर्षांत मी त्याला चढावर थांबलेला बघितला नव्हता. नेहमी थांबायचो मी. दुसऱ्यांदा त्यानं पायरीवर टेकून छातीवरनं हात फिरवला आणि म्हणाला, “थांब रं जरा.” मला काय वाटलं सांगू? आनंद झाला! खरं सांगतो, मनातून आनंद झाला. वर उभा राहून मी ओरडलो, “म्हातारा झालास की लेका!” “व्हय की,” एवढंच म्हणाला. वर पोचल्यावर समोर सगळा समुद्र पसरला होता. आण्णा पाच मिनिटं बघत उभा राहिला. मी घड्याळ बघत होतो.

रविवारी घाट चढताना गाडीत तो म्हणाला, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, पित्त. काल दिवसाउजेडी जेवलास, आज सकाळपासून पोटात अन्न नाही, दुसरं काय होणार? गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा गाडीतली पित्ताची गोळी त्याला दिली. त्यानं निमूट घेतली. ‘आण्णा, घरी सोडू का?’ हे चार शब्द माझ्या ओठांवर आले होते. विचारले नाहीत. तो हो म्हणाला असता तर जयसिंगपूरला जाऊन परत येईपर्यंत मॅच सुरू झाली असती. उपांत्य सामना होता, तोही समोरच्या पेठेशी. त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं.

अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही एका गोलनं मागं होतो. मी शेंगा आणायला खाली गेलो, शिव्या घालत वर आलो. आण्णा होता तिथंच होता. उत्तरार्धात तो जरा मागं सरकला, वरच्या पायरीला पाठ टेकून त्यानं पाय लांब केले, आणि नेमक्या त्याच क्षणाला आमचा गोल झाला! आता बाहेरच्या माणसाला हे खुळं वाटेल, पण आमच्याकडं असा गोल झाला की जो जसा बसला असेल त्यानं तसंच बसायचं. जागा सोडली की नशीब गेलं. शिकलीसवरलेली माणसं, डॉक्टर-वकीलसुद्धा एका पायावर उभी राहिलेली मी बघितली आहेत. आजूबाजूची चार माणसं आण्णाकडं वळून ओरडली, “आण्णा, हलायचं न्हाय आता!” त्यानं हात वर करून कबूल केलं.

दहा मिनिटांनी तो माझ्याकडं वाकला. “मी जरा खाली जाऊन येतो रं. वारं लागंना हितं.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली दाबला. दाबला, दुसरा शब्द नाही त्याला. “मॅच संपू दे. तू उठलास की गेलं सगळं.”

तो बसला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, चेंडू त्या टोकाला होता. माझा हात मात्र तिथंच होता, त्याच्या खांद्यावर. सदरा घामानं भिजलेला हाताला लागत होता. फेब्रुवारीतल्या संध्याकाळी माणसाला एवढा घाम का यावा, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कळू नये!

शेवटच्या मिनिटाला आम्ही जिंकलो. अख्खी बाजू उठून नाचायला लागली, शिट्ट्या, हलगी, टोप्या आभाळात. मीही नाचत होतो. खालून आण्णानं माझी पँट ओढली. “आता उठू का रं?”

“ऊठ की मर्दा!” मी ओरडलो.

तो उठला. चार पायऱ्या उतरला आणि पाचवीवर बसला. मग मात्र मला कळलं. लोकांनी उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. दिवे लागायच्या सुमाराला सगळं संपलं होतं. डॉक्टर पोरगेलासा होता. “काका, तासभर आधी आणलं असतं तर...” म्हणाला, आणि माझं तोंड बघून कागद भरायला लागला.

त्यानंतर दर रविवारी मी जयसिंगपूरला आण्णाच्या घरी जायला लागलो. सुनंदावहिनी चहा करायच्या, पोहे करायच्या. मी सांगायचं ठरवून जायचो आणि पंप, दुकान, पावसापाण्याचं बोलून परत यायचो. वहिनीही धड बोलत नव्हत्या. समोर बसायच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या. मला वाटायचं, यांना माहीत आहे. कुणीतरी सांगितलं आहे की मीच त्याला उठू दिलं नाही. आता विचारतील, मग विचारतील...

गेल्या रविवारी माझाच धीर सुटला. चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं बोलून टाकलं. पाखाडी, गोळी, खांद्यावरचा हात, सगळं. वर बघायची हिंमत नव्हती. वहिनींनी बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, “भावजी, त्यांचा फोन दवाखान्यात तुमच्याजवळच होता की. तुम्ही बघितला असंल.”

“काय बघितलं असंल?”

“अर्ध्या खेळात त्यांनी मला फोन केलता. बरं वाटंना म्हणाले. घरला येऊ काय म्हणाले.” त्यांनी पदर डोळ्याला लावला. “मीच म्हणले, आज रविवार हाय, भावजींचा दिवस. मधनंच उठून आलासा तर त्यांना वाईट वाटंल. संपल्यावर या... तुम्ही दर रविवारी येतासा, मला वाटायचं, ह्येच विचारायला येतासा. वहिनी, असं का सांगितलंसा म्हणून.”

मी फोन उघडलाच नव्हता. सहा आठवडे ती बाई मला पोहे करून घालत होती आणि माझ्या तोंडून शिक्षेची वाट बघत होती. मी तिच्या तोंडून.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, ‘वहिनी, तुमची काय चूक? तुम्हाला काय ठाऊक, एवढं असेल म्हणून?’ सोपं होतं. पण तेच शब्द मलाही लागू पडले असते, आणि मी माझी सुटका होऊ देणार नव्हतो. एवढा अप्पलपोटा मी, की स्वतःचा अपराध जपण्यासाठी त्या माउलीला रडत बसू दिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी उठलो, त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसलो आणि म्हणालो, तुमची चूक नाही, वहिनी. दोनदा म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. “मग तुमची पण न्हाई,” म्हणाल्या.

मी मान खाली घातली. त्यांच्या त्या शब्दांना मी अजून हो म्हणालेलो नाही.