रायफलीची घोडी

सुभेदार माने सिमेंटच्या ओट्यावर पालथे झोपले, रायफलीचा दस्ता खांद्याला लावला आणि मागच्या भोकातून समोर बघितलं. मग पडल्या पडल्याच म्हणाले, "बिराजदार, कावळं मारायचं हाय का आपल्याला?"

रायफलीचं तोंड टार्गेटच्या वर, टार्गेटमागच्या मातीच्या बांधाच्याही वर, थेट आभाळाकडे होतं. रायफल टेकवायला मी बनवलेली दोन पायांची घोडी चौदा इंच उंच झाली होती. माप चुकलं नव्हतं. व्हर्नियरनं घेतलेलं माप, चुकेल कसं? माणूस झोपून नेम धरतो, हेही मला माहीत होतं. फक्त माप घेताना मी टूलरूममध्ये स्टुलावर बसलो होतो.

ही पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी सोलापूरच्या एका कापड गिरणीत टूलरूमचा फोरमन होतो. मागाचे आणि मशीनचे तुटलेले भाग नवीन करून द्यायचे, हे माझं काम. बंदुकीशी माझा संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता, आणि त्यातही फुगेवाला खूश व्हायचा. पण आमचे चीफ इंजिनियर परांजपे साहेब गावाबाहेरच्या रायफल क्लबचे अध्यक्ष होते. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एका परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं.

"याला बायपॉड म्हणतात. रायफलीच्या पुढच्या भागाला लावायचे दोन पाय. जमेल?"

"जमेल साहेब. पण रायफल धरायला माणूस असतो ना?"

"तो माणूसच बाजूला काढायचाय," साहेब म्हणाले.

भानगड अशी होती. क्लबकडे नेमबाजीची चांगली अशी एकच रायफल, पॉइंट टू टू. पुण्याच्या स्पर्धेला चार जणांची टीम जायची होती. तीन नावं ठरली होती. चौथं नाव पद्माचं, ही मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. वर्षभर ती सगळ्यांच्या पुढे होती आणि दोन महिन्यांपासून तिच्या गोळ्या डावीकडे जायला लागल्या होत्या. कधी एक बोट, कधी दोन. सुभेदार माने क्लबचे सेक्रेटरी आणि कोच. त्यांचं म्हणणं, पोरगी चाप ओढताना दचकते. पद्माचं म्हणणं, दोष रायफलीत आहे. पण तीच रायफल सुभेदारांच्या हातात सरळ चालायची. तेव्हा चौथं नाव दुसऱ्या कुणाचं तरी घालायचं, असं कमिटीत जवळजवळ ठरलं होतं.

स्पर्धेत घोडी चालत नाही. तिथे रायफल स्वतःच्या कोपरांवरच तोलायची. पण रायफल तपासायची तर ती अशा ठिकाणी ठेवायला हवी जिथे कुणाचा हात थरथरणार नाही. त्यासाठी घोडी. नावं सोमवारी टपालात पडणार होती आणि माझ्या हातात एक आठवडा होता.

सुभेदारांनी जुन्या बाजारातून लष्करातली एक घोडी पैदा केली होती. मशीनगनची. वजन तीन किलो आणि बिजागरीत खडखडाट. "लई मजबूत हाय," ते म्हणाले. मजबूत होती, पण हलवली की वेगवेगळ्या तऱ्हेनं बसायची. ती बाद केली. मासिकातली मिळण्यासारखी नव्हती, पण तिच्यातली एक गोष्ट मला आवडली. पाय कमी-जास्त लांब करता यायचे. मग मी पायपात पाईप घातला, खाली-वर करायला स्क्रू दिला आणि उंची नऊ इंचावर आणली. या वेळी टूलरूमच्या फरशीवर स्वतः पालथा झोपून माप घेतलं. माझ्या पोटामुळे ते दीड इंच जास्त येत होतं, तेवढं वजा केलं. नेमके तेव्हाच परांजपे साहेब आत आले. आले तसे परत गेले.

मागच्या बाजूला, दस्त्याखाली ठेवायला पिशवी हवी होती. बायकोनं जाड कापडाची शिवून दिली. वाळू गळते म्हणून मी तीत मंगळवेढ्याची ज्वारी भरली. तिनं मोजून तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

आता मुख्य प्रश्न. घोडी रायफलीला लावायची कुठे? मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. लांब शाफ्ट कापायचा तर टोकाला आधार द्यावा लागतो, नाहीतर तो थरथरतो. मी तोच हिशेब केला. घोडी थेट नळीला, अगदी तोंडाजवळ लावली आणि पान्यानं करकचून आवळली.

रविवारी सकाळी सगळे जमले. सुभेदारांनी पाच गोळ्या मारल्या. पन्नास मीटरवरच्या कागदावर पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. अशा जवळजवळ पडलेल्या भोकांना ग्रुप म्हणतात. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. मीही जरा छाती काढली.

"झालं की," सुभेदार म्हणाले. "रायफल ठणठणीत हाय."

पद्मा पुढे झाली. कागदाजवळ जाऊन आली आणि मला म्हणाली, "काका, घोडी एकदा काढून परत लावता?"

"कशाला?" मी विचारलं.

"असंच. बघू या."

काढली, परत लावली. पाच गोळ्या. ग्रुप तेवढाच लहान, पण दोन बोटं उजवीकडे. परत काढली, परत लावली. या वेळी ग्रुप वर.

परांजपे साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बिराजदार, रायफल कुठे मारायचं ते तुमचा पाना ठरवतोय."

तसंच होतं. गोळी सुटताना नळी तारेसारखी कंप पावते. मी घोडी आवळून जणू तिच्यावर बोट दाबून धरलं होतं, आणि दर वेळी वेगळ्या जोरानं. लेथवरच्या शाफ्टला आधार लागतो, नळीला मोकळीक लागते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मग घोडी नळीवरून काढून खालच्या लाकडाला लावली. रबराचे पाय सिमेंटवर दर गोळीला उड्या मारत होते, म्हणून खाली एक चादर घडी करून घातली. आता काढा, लावा, पुन्हा काढा, काहीही करा. ग्रुप तिथल्या तिथे, बरोबर मध्यभागी.

मला घोडीचं कोडं सुटल्याचा आनंद झाला आणि लगेच लक्षात आलं की पद्माचा निकाल लागला.

सुभेदार हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आता काय बोलायचं? रायफल सरळ हाय. हाताचंच काय तरी हाय. वाईट वाटून घेऊ नको."

पद्माचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही. "सर, या रायफलीला आत्ता पट्टा नाही. मी पट्ट्याशिवाय कधी मारते का?"

पट्टा म्हणजे रायफलीच्या पुढच्या लाकडाला अडकवलेली चामड्याची वादी. ती डाव्या दंडाला बांधली की रायफलीचा भार तिच्यावर येतो. सुभेदार ती नावाला गुंडाळायचे. पद्मा मात्र दंडावर वळ उठेपर्यंत आवळायची. पुस्तकात तसंच सांगितलंय, असं तिचं म्हणणं.

मी म्हटलं, "पट्ट्याला ताण देऊन बघू." गिरणीतला हुकाचा स्प्रिंगकाटा माझ्या पिशवीत होता. पट्टा लावला, हुक अडकवला आणि मी डाव्या बाजूला आडवा होऊन काटा ओढून धरला.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"वीस पौंड."

"तुमचा चेहरा चाळीस सांगतोय. मारा हो सुभेदार."

दोन गोळ्या. भोकं एक बोट डावीकडे. मी आणखी जोर लावला. पुढची दोन बोटं डावीकडे.

मी पोस्टकार्डाची एक पट्टी कापली आणि नळी आणि लाकूड यांच्या फटीतून सरकवली. ताण नसताना आरपार गेली. ताण देताच उजव्या कडेला अडकली. पट्टा ओढला की लाकूड वाकत होतं आणि नळीला डावीकडे ढकलत होतं. बहुधा पावसाळ्यात लाकूड फुगलं असावं. जो पट्टा ढिला ठेवील त्याला काही त्रास नाही. जी नियमानं आवळील तिची गोळी बाहेर.

मी पिशवीतल्या लाकडी बॉबिनला पॉलिशपेपर गुंडाळला आणि ती फट अर्धा तास घासली. पट्टी ताणातही मोकळी फिरायला लागली, तेव्हा पद्मा झोपली. घोडी बाजूला. पट्टा दंडावर आवळलेला. दहा गोळ्या.

कागद आणायला सुभेदार स्वतः चालत गेले. परत आले, तो साहेबांच्या हातात दिला आणि पद्मासमोर उभे राहिले. "दचकत न्हवतीस तू. माझंच चुकलं की."

सोमवारी चार नावं पुण्याला गेली. पद्मा तिथे अकरावी आली. बक्षीस नाही, पण पुढची तीन वर्षं तिला टीममधून कुणी काढलं नाही.

आजही कुणी घोडीबद्दल विचारलं तर मी सांगतो : लाकडाला लावा, नळीला हात लावू नका, उंची झोपून मोजा. आणि घोडीनं रायफल चांगली ठरवली तरी थोडं थांबा. तपासताना आपण जे बाजूला काढतो, दोष कधी कधी त्यातच असतो.

त्या रविवारी दुपारी घरी येऊन मी हे सगळं बायकोला साग्रसंगीत सांगितलं. चौदा इंचांपासून पोस्टकार्डापर्यंत. ती अक्कलकोटकडची, तिकडच्या कानडी पद्धतीनं मला 'री' म्हणून हाक मारते. भाकरी थापता थापता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "री, रायफलीत दोष आहे म्हणून ती पोरगी दोन महिने सांगतच होती की. तुम्हाला ऐकू यायला एवढं लोखंड लागलं व्हय?"