आमचंच कॉलेज का?

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कपाटामागे जुन्या पिशव्या साठाव्यात तसे साठत जातात, आणि एक दिवस लक्षात येतं, अरे, एवढे झाले!

मी सरकारी कचेरीत अनुवादक होते. रिटायर झाल्यापासून, हिंदी मुलखातल्या बाग सेवनिया वस्तीत, आमच्या गच्चीवर रविवारी दुपारी कॉलनीतली बारावीची मुलं येतात. कॉलेजच्या फॉर्मवर एक निबंध मागतात: आमचंच कॉलेज का? मी त्यांचं इंग्रजी तपासते. चर्चा मात्र अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. थंडीच्या उन्हात लिहिता लिहिता मुलं गप्प होतात, आणि चेहऱ्यावरून कळतं, पोहोचली तिकडे!

*

अनयनं लिहिलं, "लहानपणापासून या कॉलेजात शिकायचं माझं स्वप्न होतं."

मी म्हटलं, "अरे, कॉलेज सुरू होऊन तीनच वर्षं झालीत!"

जरा विचार करून म्हणाला, "आंटी, तो फिर लिख दूँ, बचपन से इंतज़ार था?"

*

दातीरकाका वीज खात्यात. मुलाला सुचत नाही म्हणून त्यांनीच एका संध्याकाळी मराठीत खर्डा केला. "उपरोक्त विषयास अनुसरून, माझा मुलगा सदर कॉलेजात रुजू होण्यास इच्छुक आहे."

शेवटी लिहिलं होतं, "प्रत माहितीसाठी: मुलाची आई."

मी हसले, तर म्हणाले, "तिला कळवायलाच हवं ना, मुलगा जाणार म्हणून!" आणि उगाच चष्मा पुसत बसले.

*

जुईनं वेबसाइटवर एक फोटो पाहिला होता. झाडाखाली बाक, बाकावर कोणाचं तरी पालथं पुस्तक. अख्खा निबंध त्यावरच! ते पुस्तक घ्यायला कोण येत असेल?

"लॅबबद्दल लिही गं दोन ओळी."

"लॅब सगळ्यांकडे असते, आंटी."

तिला प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात फोन. "आंटी, इथे तो बाकच नाहीये! फोटो दुसऱ्याच कॉलेजचा निघाला!"

"अगं बाई! मग आता?"

"आता काय! पायऱ्यांवर बसते. उठताना पुस्तक तिथेच ठेवते थोडा वेळ."

*

आणि सुलभाताई, मितालीच्या आई. मितालीला सोडायला यायच्या आणि ती लिहीपर्यंत कोपऱ्यात मटार सोलत बसायच्या. एका रविवारी एकट्याच आल्या. मितालीला ताप होता.

"तिचा निबंध आणलात का?"

"नाही." त्यांनी पिशवीतून वहीचा कागद काढला. "माझा आहे. मराठीत लिहिलाय, चालेल ना? मुलांचा तपासता तसाच तपासा."

कॉलेज दूर डोंगरातलं होतं, मितालीनं आपल्या यादीतून खोडलेलं. दहा-बारा ओळी. सकाळी खिडकीतून धुकं आत येतं. जेवणाची घंटा दुसरंच कोणी वाजवतं. शेवटची ओळ होती, "हेच कॉलेज, कारण इथून संध्याकाळी घरी परतता येत नाही."

मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि पेन खाली ठेवलं.

"बरा आहे का हो?"

"फार छान आहे."

त्यांनी कागदावरच्या ओळी बोटानं मोजल्या. मग विचारलं, "शब्दमर्यादा किती असते?"

"पाचशे."

"म्हणजे अजून जागा आहे!" त्या म्हणाल्या, आणि माझं पेन उचलून लिहायला लागल्या.