जोतिरामची मूठ

टेंभुर्णीला हायवेच्या कडेला जोतिरामचं पंक्चरचं दुकान. गिऱ्हाइकाशी तो कधी आवाज चढवून बोलत नसे. घरी मात्र बायकोला, सुकन्याला, मारायचा.

एका सकाळी तो उजवा हात सुजवून डॉक्टर गुरुबसप्पांकडे आला. "टायर निसटला," म्हणाला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. करंगळीखालचं हाड मोडलं होतं.

"हे टायरनं मोडत नाही, जोतिराम. मूठ मारली की मोडतं. कुणाला मारलंस?"

"ती बाजूला झाली. मूठ भिंतीला लागली."

नऊ वर्षं सुकन्या याच दवाखान्यात येत होती. न्हाणीत पडले, असं ती सांगायची आणि डॉक्टर तेवढंच लिहून घ्यायचे. डाव्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं, तेव्हाही त्यांनी नुसते थेंब दिले होते.

"दारू चढली की डोकं फिरतंय, डॉक्टर."

"दारू चढल्यावर गिऱ्हाइकाला मारतोस?"

"न्हाय."

"म्हणजे हात आवरता येतो की तुला."

डॉक्टरांनी त्याला दर सोमवारी बोलावलं. दारू सोडायचं औषध सुरू केलं, सोलापूरच्या समुपदेशकाकडे धाडलं. राग आला की वाद तिथंच टाकून घराबाहेर पडायचं, हे घोकवून घेतलं. सुकन्याला एकटीला बोलावून विचारलं, "घरात भीती वाटते का?"

"आता इचारताय व्हय?" ती म्हणाली.

चौदा महिने जोतिरामनं हात उचलला नाही. मग एका दुपारी सुकन्या मुलीला, अपेक्षाला, घेऊन वैरागला माहेरी गेली. तिथून डॉक्टरांना फोनवर म्हणाली, "मारत हुता तवा घर सोडायचं भ्या वाटायचं. आता वाटत न्हाय, म्हून आले."

जोतिराम तडक दवाखान्यात शिरला. "तुमचं समदं ऐकलं. काय मिळालं मला? मारत हुतो तवा बायकू घरात तरी हुती!"

"तिनं बोलावल्याशिवाय वैरागला जायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि सोमवारी ये."

"कशापायी? घरात हाय कोण आता?"

खुर्ची लाथाडून तो निघून गेला. डॉक्टरांनी लगेच सुकन्याला फोन करून सावध केलं.

दोन सोमवार तो आला नाही. तिसऱ्या सोमवारी आला. तोंडाला दारूचा वास होता. वैरागला मात्र गेला नव्हता. डॉक्टरांनी त्याला बसवून घेतलं.